उंबरीचं पाणी वाढलं

दत्तोपंत उपासन्यांनी तेहेतीस वर्षं भिवंडीतल्या एका शाळेत हेडक्लार्की केली आणि त्या तेहेतीस वर्षांत त्यांच्या रजिस्टरात एकही खाडाखोड झाली नाही. हे मी नाही सांगत, तेच सांगायचे. लग्नाच्या पंगतीत सांगायचे, शेअर रिक्षात शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला सांगायचे, दाढी करून घेताना गालाला फेस असतानासुद्धा सांगायचे. न्हाव्याने एकदा वैतागून वस्तरा बाजूला ठेवला आणि म्हणाला, "पंत, आता बोललात तर इथे खाडाखोड होईल."

खरं नाव दत्तात्रय. पण विशीतच माणूस इतका पोक्त दिसायचा की मित्रांनी त्याचा दत्तोपंत करून टाकला, आणि तोच पुढे रेशनकार्डावर चढायचा बाकी राहिला. अंगाने काटकुळे. टेमघरच्या त्यांच्या सोसायटीत वारा सुटला की सुचेताबाई म्हणायच्या, "आधी खिडकी लावा, मग ह्यांना हाक मारा." सुचेताबाई म्हणजे त्यांची बायको. त्याही शाळेतल्याच, पण शिकवणाऱ्या. त्यामुळे घरात चुका काढायचा हक्क त्यांच्याकडे आणि चुका न करण्याचा अभिमान ह्यांच्याकडे, अशी सरळ वाटणी झालेली होती.

निवृत्तीनंतर दोन महिने दत्तोपंत घरी बसले. पहिल्या महिन्यात त्यांनी मसाल्याच्या डब्यांना तारखा चिकटवल्या. दुसऱ्या महिन्यात कामवाल्या बाईंचं हजेरीपत्रक सुरू केलं. त्या बाई काम सोडते म्हणाल्या तेव्हा सुचेताबाईंनीच धावपळ करून नवऱ्याला नोकरी शोधून दिली.

नोकरी भलतीच होती. निजामपुऱ्याच्या एका गल्लीत, खाली लूमचा कारखाना आणि वर दोन खोल्या, त्या खोल्यांत 'उगम' नावाची एक छोटी संस्था होती. भिवंडीच्या आसपासच्या सात ओहळांचं पाणी मोजायचं आणि त्यावरून पाणी वाटपाच्या आराखड्याचा मसुदा करून सरकारी बैठकीपुढे ठेवायचा, एवढंच तिचं काम. पावसाळ्यात पाणी काय, कुणीही मोजेल हो. नुसतं बघून "बाप रे" म्हटलं तरी भागतं. मोजायचं असतं ते उन्हाळ्यातलं. वर्षातल्या सगळ्यात वाईट दिवशी ओहळात किती पाणी असतं हे ठाऊक असेल, तरच त्यातून कुणाला किती द्यायचं ते ठरवता येतं. नाही तर कागदावर पाणी आणि ओहळात दगड.

प्रत्येक ओहळात एक लोखंडी पाटी आडवी रोवलेली. पाटीच्या मधे वरून खाली निमुळती होत गेलेली खाच, आणि खाचेशेजारी सेंटीमीटरच्या रेघांची पट्टी. सगळं पाणी खाचेतून पडतं आणि कितव्या रेघेपर्यंत आलंय त्यावरून ते किती वाहतंय हे काढता येतं. गावातला एक माणूस रोज सकाळी रेघ बघणार आणि फोनवर आकडा सांगणार. तो आकडा रजिस्टरात उतरवायचं काम दत्तोपंतांचं. माणूस असा खुलला म्हणता! पहिल्याच दिवशी त्यांनी नवीन निळं पेन घेतलं आणि रजिस्टरला खाकी कव्हर घातलं.

सात फोनांपैकी आठ वाजताचा फोन सरूताईचा. सरू सांबर, उंबरदांडच्या पाड्यावरची. अंबाडी नाक्यावरून आत वळलं आणि चढ चढून गेलं की हा पाडा. सरूताई भाताची शेती करायची, शेती नसेल तेव्हा मजुरीला जायची आणि रोज सकाळी उंबरी ओहळाची रेघ बघायची. पाड्यावर फोनला रेंज नाही. एका टेकाडावरच्या काजऱ्याच्या झाडाखाली उभं राहिलं तर दोन मिनिटं आवाज यायचा, तोही वारा मेहेरबान असेल तर. इकडे दत्तोपंतांच्या पायाखाली चोवीस लूम खडखडत असायचे. त्यामुळे दोघांचं बोलणं तारेसारखं, चार शब्दांचं.

"दादा, सात."

"सात. ठीक."

बस. तीन वर्षं हे चाललं होतं. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं. पण सरूताईचा फोन पाच मिनिटं उशिरा आला तर दत्तोपंतांचा चहा गार व्हायचा.

आणि उन्हाळ्यात, मे महिन्यात, मधूनच एखाद्या दिवशी आकडा यायचा नाही. सरूताई म्हणायची, "दादा, आज वाढलं."

"वाढलं? किती?"

"किती काय? पट्टीवर गावत न्हाय आता. वाढलं."

"वा वा!" दत्तोपंत खूश व्हायचे. "छान झालं. वा वा!"

पलीकडून काहीच आवाज यायचा नाही, आणि फोन बंद. दत्तोपंत सुबक अक्षरात लिहायचे: 'पाणी वाढले. पट्टीबाहेर.' भर उन्हाळ्यात पाणी वाढतं कसं, हा प्रश्न त्यांना पडला होता, नाही असं नाही. पहिल्या वर्षी त्यांनी तेव्हाच्या इंजिनिअरला विचारलंही. तो म्हणाला, वरच्या बंधाऱ्यातून सोडलं असेल, किंवा डोंगरात वळीव पडला असेल. दत्तोपंतांचं समाधान झालं. क्लार्कचं काम सांगितलेलं लिहिण्याचं, असं त्यांचं तत्त्व होतं. तीन उन्हाळ्यांत मिळून एकोणतीस वेळा त्यांनी 'वाढले' लिहिलं आणि एकोणतीस वेळा "वा वा" केलं.

तो इंजिनिअर पुढे सोडून गेला. या जानेवारीत त्याच्या जागी मेघाली आली. तिशीतली, चटपटीत, स्कूटरवर हेल्मेट घालून येणारी. तिने सातही ओहळ पाहिले, पण ते थंडीत, सगळीकडे पाणी झुळझुळत असताना. मग तिने दत्तोपंतांची रजिस्टरं कॉम्प्युटरवर घेतली, दोन महिने मान मोडून काम केलं आणि मेच्या शेवटी आराखड्याचा मसुदा तयार केला. सोमवारी अकराला बैठक, आणि शुक्रवारी संध्याकाळी मसुद्याची एक प्रत तिने दत्तोपंतांच्या हातात ठेवली. "काका, हे तुमचंच आहे सगळं. आकडे एकदा बघून घ्या."

दत्तोपंत ती प्रत छातीशी धरून घरी आले. खुर्चीत बसून, चष्मा पुसून, त्यांनी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली. उंबरी ओहळाच्या पानावर लिहिलं होतं: मे महिन्यातही बऱ्याच दिवशी पाणी मोजपट्टीच्या वर जाते, सबब हे पाणी शिल्लक समजावे. उन्हाळ्यात रोज चाळीस हजार लिटर, म्हणजे चार टँकर, रस्त्याकडेच्या गोदामांसाठी उचलायला हरकत नाही. खाली कंसात आधार दिलेला: नोंदवही, द. वा. उपासनी.

"अगं, छापून आलंय माझं नाव!" दत्तोपंत स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले.

आतून टण्ण असा आवाज आला, मग सुचेताबाईंचा. "अगंबाई! नळाला लागून बांगडी वाढली की हो."

"वाढली?" दत्तोपंत मसुद्यातून डोकं न काढता म्हणाले. "वाढली कशी? बांगडी काय वाढते होय?"

"चाळीस वर्षं संसार करून विचारताय? फुटली म्हणू नये. बांगडी वाढते. नारळ वाढवतात. निजामपुऱ्यातले जुने दुकानदार रात्री दुकान बंद करत नव्हते, वाढवत होते. वाईट ते तोंडातून काढायचं नाही, म्हणून... अहो, काय झालं? अहो!"

दत्तोपंत खुर्चीतून उठले होते, पुन्हा बसले होते आणि पुन्हा उठले होते. तोंडाचा आ झालेला.

"पाणी वाढलं," ते म्हणाले.

"कुठलं पाणी?"

"उंबरीचं. एकोणतीस वेळा. पट्टीवर गावत नाही म्हणाली ती. अगं, वर गेलं म्हणून गावत नव्हतं असं नाही. खाली गेलं म्हणून गावत नव्हतं!" त्यांचा आवाज चिरकला. "आणि मी तिला वा वा म्हणत होतो गं. दर वेळी. वा वा, छान झालं!"

सुचेताबाईंनी पदराने हात पुसले. आधी त्यांना नवऱ्याची दया आली. मग ते "वा वा" त्यांनी मनात ऐकून बघितलं आणि त्यांना हसू आवरेना. हसता हसता त्या ओट्याला टेकल्या. दत्तोपंतांनी मात्र मसुद्याचं ते पान पुन्हा उघडलं. सोमवारी त्या चार टँकरांवर शिक्का बसणार होता, आणि तो त्यांच्या अक्षरावरून बसणार होता. उंबरदांडला दुसरं पाणी नव्हतं.

त्यांनी सरूताईला फोन लावला. लागणार कसा? ती काजऱ्याखाली सकाळी आठलाच. मग मेघालीला लावला. मेघालीने सगळं ऐकून घेतलं.

"काका, एकोणतीसही दिवस?"

"एकोणतीसही."

"मग नुसतं चुकलं म्हणून चालणार नाही. ते विचारतील, खरं पाणी किती ते सांगा. आकडा लागेल. उद्या सकाळी सहाला खाली उभे राहा, मी येते."

सकाळी सुचेताबाईंनी हातात डबा दिला, थालीपिठं आणि लोणी. वर एक वाक्यही दिलं. "आधी माफी, मग माप. उलट करू नका."

स्कूटरवर पुढे मेघाली, मागे दत्तोपंत, दत्तोपंतांच्या काखेत खाकी कव्हरची रजिस्टरं, पायाशी यंत्राची पेटी. वाड्याच्या रस्त्यावरचे खड्डे आणि कंटेनर यांच्यामधून जाताना पंतांनी आयुष्यात ऐकलेली सगळी स्तोत्रं म्हणून टाकली. अंबाडी नाक्यावर चहा घेतला. पुढे चढ लागला आणि शेवटचा तुकडा पायी.

ते बरोबर आठला काजऱ्याखाली पोचले. चाळिशी ओलांडलेली एक बाई कानाला फोन लावून उभी होती आणि ओरडत होती, "हॅलो! दादा! हॅलो!" दत्तोपंतांच्या खिशातला फोन वाजला. तिने आवाजाच्या दिशेने मान वळवली. सुतळीसारखा एक बारीक माणूस धापा टाकत उभा होता, आणि त्याने समोर उभं राहूनच फोन उचलला.

"हॅलो," दत्तोपंत म्हणाले.

सरूताईने फोन कानाचा काढला. त्यांना पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं.

"तुमीच का ते वा वा?"

दत्तोपंतांनी मान खाली घातली. "मीच. दत्तोपंत."

"आरं देवा!" सरूताई मागे वळून पाड्याकडे तोंड करून ओरडली, "ए रंजिता! ए सगल्याजनी! वा वा दादा आला गं!"

हां हां म्हणता दहा-बारा बायका जमल्या. कोणी हंडा घेऊन, कोणी कडेवर पोर घेऊन. तीन वर्षं पाड्यावर या माणसाच्या गप्पा होत होत्या. आपल्याकडचं पाणी गेलं की तिकडे भिवंडीत बसून कोणी एक दादा आनंदाने वा वा करतो, म्हणजे हा माणूस आहे तरी कसा? कोणी म्हणायचं, डोक्याने कमी असेल. कोणी म्हणायचं, सरकारी असेल. सरूताईने तर दोनदा ठरवलं होतं की उद्यापासून फोन करायचा नाही. पण सकाळ झाली की पाय आपोआप रेघेकडे वळायचे.

"आधी माफी," दत्तोपंत स्वतःशी पुटपुटले आणि हात जोडून मोठ्याने म्हणाले, "ताई, मी गाढव आहे. तू वाढलं म्हणायचीस, मी समजायचो पाणी चढलं. म्हणून वा वा."

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग रंजिताला कळलं. ती फस्सकन हसली, शेजारणीच्या कानात काही बोलली, ती हसली, आणि मग ते हसू टेकाडावरून घरंगळत खालच्या घरांपर्यंत गेलं. सरूताई मटकन खाली बसली आणि डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसली. "आन् मी इकडं जीव काढतेय, का ह्या मानसाचं आमच्याशी काय वाकडं!"

"पण तू आटलं का नाही म्हणालीस?"

तिने पटकन तोंडावर बोट ठेवलं. "हळू बोला. ती हितंच हाय. आई हाय ती आमची. तिला तसं म्हनतात का कवा? रुसली तं?"

ती म्हणजे उंबरी. मेघालीने मग गोदामांचं आणि सोमवारच्या बैठकीचं सगळं सांगितलं, आणि हसणं थांबलं. रंजिताने हंडा खाली ठेवला. चार टँकर म्हणजे किती, हे पाड्यावर कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

"चला," सरूताई म्हणाली. "बगा तरी ती केवढी हाय."

ओहळात पाटी कोरडी उभी होती. खाचेच्या तळापासून पाणी दोन वीत खाली. पाणी होतं, पण ते पाटीच्या बुडाखालून, गोट्यांमधून, बोटाएवढ्या धारेने निघत होतं. मेघालीने पेटी उघडली. आतून पितळी पंख्याचं एक महागडं यंत्र निघालं. पाण्यात धरलं की पंखा फिरतो आणि पाण्याचा वेग कळतो. तिने ते त्या धारेत धरलं. पंखा फिरेना. आडवं धरलं, तिरपं धरलं. पंखा ढिम्म. तो बुडण्याइतकं पाणीच नव्हतं. बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या.

"सायेब बाई," रंजिता म्हणाली, "फुकर मारू का?"

मेघालीच हसली आणि यंत्र पेटीत ठेवून दिलं. "मग कसं मोजायचं हो, ताई?"

"त्यात काय?" सरूताईने पदर खोचला. "हंडा कवा भरतो ते बगायचं. माझी सासू बगायची, तिची सासू बगायची. भाकर भाजंस्तोवर दोन हंडे भरले तं पानी चांगलं. एका हंड्यातच भाकर करपली तं वंगाळ."

"मग हे मला फोनवर का नाही सांगितलंस कधी?" दत्तोपंत जवळजवळ ओरडलेच.

"तुमी इचारलं का? तुमाला रेघ पायजे. रेघंवर न्हाय तं मी कुटून देऊ?"

दत्तोपंतांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ते ओहळात उतरले. सरूताईने पाटीच्या खालच्या अंगाला चिकणमातीचा वीतभर बांध घातला, सगळी धार एका जागी आणली आणि त्यात अर्धा चिरलेला बांबू बसवला, पन्हळीसारखा. गोट्यांच्या फटीत पाला आणि माती कोंबली, थेंबभरही बाजूने जाऊ दिलं नाही. इंजिनिअर बाई चिखलात कोपरापर्यंत माखली होती आणि आयुष्यातला सगळ्यात मोठा बांध बांधत असल्यासारखी खूश होती.

हंडा पन्हळीखाली आला, मेघालीने मोबाइलवर सेकंद लावले, आणि तेवढ्यात दत्तोपंत म्हणाले, "थांबा!"

"आता काय?"

"हंडा किती लिटरचा?"

"पंधराचा," रंजिता म्हणाली.

"पोचा आलाय त्याला. हा पंधराचा असूच शकत नाही." तेहेतीस वर्षांचा हेडक्लार्क जागा झाला होता. त्यांनी झोळीतली लिटरची बाटली काढली आणि भरून भरून हंड्यात ओतायला घेतली. बायका मोठ्याने मोजू लागल्या, लग्नात घास मोजावेत तशा. चौदा बाटल्या झाल्या, पंधरावी निम्मी राहिली. "साडेचौदा!" दत्तोपंतांनी विजयाने बाटली उंचावली. "वा—" आणि जीभ चावली. पुन्हा हशा.

मग मोजलं. पहिला हंडा सत्तर सेकंद. दुसरा त्र्याहत्तर. तिसरा त्र्याहत्तर. सरासरी बहात्तर. दत्तोपंत ओल्या दगडावर बसले, मांडीवर कागद घेतला आणि तोंडी हिशोबाला लागले. मेघालीने मोबाइलवर आकडे घालायच्या आत त्यांचं उत्तर आलं. दिवसाला सतरा हजार चारशे लिटर. पाड्यावर अठ्ठेचाळीस घरं, अडीचशे माणसं. माणशी सत्तर लिटरसुद्धा नाही, आणि त्यातच गुरं, भांडी, धुणं.

"शिल्लक किती?" सरूताईने विचारलं.

"शून्य," दत्तोपंत म्हणाले. "आणि मागतायत चाळीस हजार."

तिने धारेकडे पाहिलं. "तं मंग सोमवारी मी येते," ती म्हणाली. "हा हंडा घेऊन येते."

उरलेली सकाळ थालीपिठं, पाड्यावरच्या तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी यांत गेली. दत्तोपंतांनी सुकटीकडे पाहिलं, इकडे तिकडे पाहिलं, टेमघर बरंच लांब आहे याची खात्री केली आणि दोनदा मागून घेतली. हे सुचेताबाईंना अजून माहीत नाही.

सोमवारी बैठकीच्या दारावर शिपायाने सरूताईला अडवलं. "हंडा आत नेता येणार नाही."

"हंडा नाही तो," दत्तोपंत म्हणाले. "कार्यालयीन उपकरण आहे. साडेचौदा लिटर, तपासून प्रमाणित." शिपाई बाजूला झाला.

आत लांब टेबल, दहा-पंधरा माणसं, मध्यभागी अध्यक्ष म्हणून बसलेल्या एक अधिकारी बाई. उंबरीचं पान आलं. गोदामांच्या वतीने आलेले एक गृहस्थ फाइल उघडून म्हणाले, "हे तर मॅडम, स्पष्टच आहे. नोंदीच आहेत."

मेघाली बोलायला उठत होती. दत्तोपंतांनी तिच्या हातावर हात ठेवला आणि ते स्वतः उठले. ह्या गावातले निम्मे क्लार्क त्यांना ओळखत होते, आणि त्यांतले दोघे भिंतीशी खुर्चीवर बसलेही होते.

"त्या नोंदी माझ्या आहेत," ते म्हणाले. "आणि त्यांतल्या एकोणतीस चूक आहेत. मी वाढलं म्हणजे चढलं समजलो. ते वाढलं म्हणजे, आपण बांगडी वाढली म्हणतो ना, तसलं होतं. पाणी गेलं होतं. चूक ओहळाची नाही, सरूताईंची नाही, ह्या मेघालीची नाही. चूक माझ्या अक्षराची आहे."

कुणीतरी हसलं. गृहस्थ म्हणाले, "असं कसं मॅडम? वाढलं म्हणजे वाढलं. शब्दाचा अर्थ आज एक, उद्या दुसरा?"

अधिकारी बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही गोदामाचं उद्घाटन केलंत तेव्हा नारळ फोडलात की वाढवलात?"

"वाढ..." गृहस्थ म्हणाले आणि थांबले.

"मग त्याचे दोन नारळ झाले का?"

आता सगळेच हसले, ते गृहस्थसुद्धा. सरूताईने उठून हंडा टेबलावर ठेवला, फायलींच्या मधोमध. "बाई, ही आमची उंबरी. बहात्तर सेकंदांत एवढी भरते. अडीचशे मानसं हाय. तुमीच वाटा."

"म्हणजे मेमध्ये ती आटते," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या.

"तसं बोलू नका वो!"

बाईंनी पेन थांबवलं, सरूताईकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "चुकले." मग त्यांनी मोठ्याने वाचत लिहिलं. होळीपासून पावसापर्यंत उंबरी ओहळातून उपसा नाही. गोदामांनी पाण्याची दुसरी सोय बघावी. आणि पाणी पाटीच्या खाली गेलं की सातही ओहळांवर मोजणी हंड्याने व्हावी.

बाहेर आल्यावर सरूताई हंडा कडेवर घेऊन रस्त्याकडेला उभी राहिली आणि पदराने तोंड पुसत राहिली. दत्तोपंतांनी तिला उसाचा रस पाजला आणि म्हणाले, "आता एक कर. ह्याच्यापुढे वाढलं म्हणू नकोस. आटलं म्हणणार नाहीस, ते मला कळलं. पण रजिस्टरला एक शब्द हवा. पाटीखाली गेलं, बारीक झालं, पण आहे, असा. एकच अर्थ निघेल असा."

"बगते," सरूताई म्हणाली. "पाड्यावर इचारते."

त्याच दुपारी दत्तोपंतांनी तीन वर्षांची रजिस्टरं टेबलावर मांडली आणि लाल पेन घेतलं. एकोणतीस वेळा 'वाढले' खोडलं. एकोणतीस वेळा वर 'पट्टीखाली' लिहिलं, शेजारी सही केली, तारीख घातली. तेहेतीस अधिक तीन, छत्तीस वर्षांची कोरी पाटी एका दुपारी लालभडक झाली. मेघालीला वाटलं, काका आता रडतील. काका शीळ घालत होते. खालचा लूमवाला जिन्यातून डोकावून म्हणाला, "क्या पंतजी, आज बडे मूड में?"

मंगळवारी आठला फोन वाजला.

"दादा, आज दत्तोपंत."

"मीच बोलतोय. आकडा सांग."

"आकडाच सांगते ना. आज दत्तोपंत. हंडा पंच्याहत्तर."

"अगं, माझं नाव कशाला घेतेस मधे?"

"पाड्यानं ठरवलं," सरूताई ओरडून म्हणाली, कारण वारा वाहत होता आणि खाली चोवीस लूम खडखडत होते. "पाटीखाली गेली का दत्तोपंत म्हनायचं. बारीक हाय, पन चालू हाय. कवा थांबत न्हाय. एकच अर्थ निगतो. हाय का न्हाय?"

दत्तोपंतांनी फोन कानाशी घट्ट धरला. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि तोंडातून निघालं ते जुनंच. "वा वा!"

पलीकडे काजऱ्याखाली एकटी सरूताई नव्हती. दहा-बारा बायकांचं हसू फोनमधून आलं, आणि मग रेंज गेली.

दत्तोपंतांनी निळं पेन उघडलं. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी कधी नव्हे इतक्या सावकाश, काना, मात्रा, अनुस्वार सांभाळत लिहिलं. मेघाली हेल्मेट काढत आत आली, वाकून रजिस्टरात बघितलं आणि म्हणाली, "काका, इथे कशाला सही केलीत?"

"सही नाही ती," दत्तोपंत म्हणाले. "आजचं पाणी आहे."